तुतीच्या पिंपातला खिळा

मी खिळा बोलतोय. घाबरू नका, कुणाच्या पायात घुसलेला नाही, कुणाची तसबीरही पेललेली नाही. बोटभर लांबीचा, स्टेनलेस स्टीलचा, चापट डोक्याचा साधा खिळा. दोन वर्षं बिअरच्या एका लाकडी पिंपात ठोकलेला होतो. आता खिडकीच्या कठड्यावर आडवा पडलोय आणि खरं सांगायचं तर अंगात काही त्राण उरलेलं नाही. एवढं एक सांगून टाकतो, मग मला पडू द्या.

जन्माचं फारसं आठवत नाही. तार आली, कापली, एका बाजूला टोक काढलं, दुसऱ्या बाजूला डोकं चेपलं, झाला खिळा. आम्ही शंभर भाऊ एका खोक्यात होतो. बाकीच्यांचं बरं चाललं असेल. कुणी छपराला लागला असेल, कुणी पाळण्याला. एकदा ठोकलं की सुटले बिचारे, जन्मभर कुणी हात लावत नाही. माझ्या कपाळी मात्र काढ-घाल लिहिलेली होती.

मला विकत घेतलं ते पिंपं बांधणाऱ्या काकांनी. म्हातारा माणूस, ऐकायला कमी येणारा, पण लाकडाला नुसतं बोटाने टकटक करून त्याचं दुखणं सांगायचा. त्यांनी पिंपाच्या पुढच्या गोल फळीला गिरमिटाने बारीक भोक पाडलं आणि हातोडीच्या दोन ठोक्यांत मला त्यात बसवलं. डोकं बाहेर, टोक आत. असं का, तर पिंपातली बिअर चाखायची असते. नळ लावला तर नळात घाण साचते. वरचं बूच काढून नळी घातली, तर बिअरवर धरलेली पातळ साय मोडते, आणि ती सायच तर तिला हवेपासून सांभाळत असते. म्हणून खिळा. पक्कडीने मला उपटलं की भोकातून बारीक धार उडते, ग्लासात घोटभर पडते, की लगेच मला परत ठोकायचं. म्हणजे मी बंद दारही आणि उघडं दारही. दोन्ही कामं एकालाच लावली की काय होतं ते तुम्हाला घरी माहीतच असेल.

ती जागा म्हणजे एक लांबट, थंड शेड. दोन ओळींत चाळीस पिंपं, जमीन कायम ओलसर, खिडक्या लहान. ही बिअर बनवायची ब्रूअरी वडिलांनी उभी केलेली; इथली बिअर मुद्दाम आंबट करायची, वर्ष-दोन वर्षं लाकडात मुरवून. ते गेले आणि मागे भाऊ-बहीण राहिली. भावाला सगळे दादा म्हणायचे, त्याच्याहून वयाने मोठे कामगारसुद्धा. बहिणीला धाकटी. ती छत्तिशीची झाली, डोळ्यांना चष्मा लागला, तरी धाकटीच.

दादाचं नाक म्हणजे त्या घरातली मोठी चीज. माझ्या शेजारच्या पिंपातला खिळा माझ्याहून जुना, तो सांगायचा, की दादा शेडच्या दारात उभं राहून सांगतो, आज कुठल्या पिंपाचं काहीतरी बिनसलंय. बाहेरची माणसं यायची, ग्लास फिरवायची, एक घोट घ्यायची आणि आधी दादाच्या तोंडाकडे बघायची. तो हसला तर म्हणायची, वा, काय झालीये. त्याने भुवई चढवली तर म्हणायची, हं, जरा काहीतरी कमी आहे. स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवणारी माणसं मी दोन वर्षांत फार तर तीन पाहिली.

त्या घरात वडिलांपासून एक नियम होता. ज्याने पिंप भरलं, त्याने स्वतः खिळा काढायचा नाही. भरणाऱ्याचा हात राहत नाही. झाली का, झाली का, करत तो रोज उपटून बघतो, आणि दर वेळी आत थोडी हवा जाते. लाकडात ठेवलेल्या आंबट बिअरला हवा म्हणजे काळ. म्हणून वर्षातून चार वेळा चाखायचं, ते घरातल्या मोठ्याने, आणि पिंप तयार आहे की नाही ते त्यानेच सांगायचं. मोठ्याने हो म्हटलं की बाटल्या भरायच्या. तोवर भरणाऱ्याने हात बांधून बसायचं.

आमचं पिंप सात नंबरचं. खिडकीखालचं. धाकटीने स्वतःच्या डोक्याने भरलेलं पहिलंच पिंप होतं ते. आजवर ती दादा सांगेल ते करायची. त्या वर्षी म्हणाली, "दादा, एक पिंप मला दे. मला तुती घालून बघायचीये."

"तुती?" दादा म्हणाला. "गोडमिट्ट लागेल. आणि शेडभर डाग पडतील ते वेगळेच."

"पडू देत. पुसेन मी."

दादाने दिलं. देताना तोंड वाकडं केलं, पण दिलं.

एक वर्ष नुसती बिअर मुरली. मग उन्हाळा संपता संपता तिने टोपल्या भरभरून तुती आणली आणि वरच्या बुचातून मूठ-मूठ आत सोडली. दोन दिवस तेच काम. तिचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. बँकेत गेली तर खिडकीतली बाई पैसे द्यायच्या आधी विचारती झाली, "काही लागलंय का तुम्हाला?" हे तिने कामगारांना सांगितलं तेव्हा शेड हसत होती. मला हसायला जमत नव्हतं, कारण माझं टोक तुतीच्या लगद्यात रुतलं होतं. पण बरं वाटत होतं, हे कबूल करतो. बूच बंद करून तिने पिंपावर दोनदा थाप मारली आणि म्हणाली, "बस आता सहा महिने." फळ घातल्यावर सहा महिने कुणीच उघडायचं नाही, असा आणखी एक नियम.

त्या सहा महिन्यांतच दादाला ताप आला. थंडीचे दिवस. पंधरा दिवस अंथरुणाला खिळून होता. उठला, कामावर आला, सगळ्यांशी नेहमीसारखा बोलला. पहिल्या दिवशी दुपारी कामगार जेवायला गेले तसा तो एकटाच शेडमध्ये शिरला. एका पिंपाजवळ गेला, खिळा काढला, ग्लास नाकाशी धरला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग एक उलटं घमेलं ओढून त्यावर बसला.

"काहीच नाही," तो म्हणाला. पिंपांनाच म्हणाला. एकटा माणूस आमच्यासमोर फार मोकळेपणी बोलतो. "आंबट कळतंय. गोड कळतंय. वास म्हणून काही नाहीच."

तुम्हाला वाटेल, जीभ शाबूत आहे ना, मग झालं. तसं नसतं. जीभ एवढंच सांगते की हे आंबट आहे. कुठलं आंबट, लिंबाचं, दह्याचं का नासलेलं, ते नाक सांगतं. दादाचं नाक गेलं होतं, आणि दादा म्हणजे नाकच होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेला, गोळ्या खाल्ल्या, सकाळी उठून लवंगा हुंगल्या. घरी बायकोला म्हणाला, भाजीत मीठ बरोबर आहे. तेवढं त्याला कळत होतं.

बाकीची पिंपं त्याने रेटून नेली. वीस वर्षांचा अनुभव होता. रंग बघायचा, किती महिने झाले ते आठवायचं, मागच्या वर्षी कसं होतं ते आठवायचं, आणि तोंड गंभीर करून हो किंवा नाही म्हणायचं. खपून गेलं. लोक त्याच्या तोंडाकडेच तर बघत होते.

सहा महिने भरले. तुती घातल्यानंतरची सात नंबरची पहिली चव घ्यायचा दिवस. धाकटी सकाळपासून तीनदा हात धुऊन आली होती, चाखायचं तिला नव्हतंच तरी. दादाने मला उपटलं. धार उडाली, ग्लासात पडली, जांभळट लाल. त्याने ग्लास फिरवला, घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. ती त्याच्या मागे उभी होती.

"अजून थांब," दादा म्हणाला.

"काय कमी आहे?"

"कमी नाही. अजून थांब."

तिने मान हलवली. तो गेल्यावर पिंपाशी येऊन मिनिटभर उभी राहिली आणि निघून गेली.

आता तुम्ही विचाराल, बाकीच्या एकोणचाळीस पिंपांना याने डोळे झाकून हो-नाही म्हटलं, मग बहिणीच्याच पिंपाशी घोडं का अडलं? मीही तेच म्हणत होतो. तर तिच्या पिंपाला त्याला खोटं हो म्हणवेना. दुपारी येऊन म्हणायचा, "हिला खरंच काय ते सांगायचं. अंदाज नाही मारायचा. नाक येईल परत, मग सांगू." मनाने चांगला माणूस आहे, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

नाक परत आलं का ते बघायला तो सात नंबरकडेच यायला लागला. आधी आठवड्यातून एकदा. कामगार जेवायला गेले की पक्कड, हातोडी, ग्लास. उपट, चाख, ठोक. मग आठवड्यातून तीनदा. मग रोज. एक दिवस तर दोनदा. दर वेळी धार थांबायच्या आत पिंप भोकातून एक घोट हवा आत ओढायचं, मला ते स्वच्छ ऐकू यायचं. वडिलांनी नियम केला होता तो भरणाऱ्याचा हात आवरायला. हा हात मोठ्याचाच सुटेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

माझ्या हालाला तर पारावार नव्हता. वर्षातून चार वेळा निघायचं म्हणून मी बसलेलो, आणि पक्कडीने माझ्या मानेचे लचके तोडले जात होते. भोक सैल झालं. माझ्या कडेने बिअर झिरपायला लागली. लाकडावर जांभळा ओघळ दिसू लागला तसा दादा घाबरला, आणि माझ्याभोवती मेण थापायला लागला. दुसऱ्या दिवशी मेण फोडायचं, मला काढायचं, परत ठोकायचं, परत मेण.

आणि ज्यासाठी मी हे सगळं सांगतोय ती गोष्ट मधेच होऊन गेली. थंडी सरत आली होती. दादाच्या पहिल्या "अजून थांब"नंतर तीन आठवडे गेले असतील. एका दुपारी बिअर तयार झाली. माझं अर्धं अंग तिच्यात होतं, मला नाही कळणार तर कुणाला कळणार? आधी तुती एकीकडे होती आणि आंबटपणा दुसरीकडे, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या दुपारी ते एक झाले. आंबट असं की जबडा आवळावा, पण लगेच सोडून द्यावा. मागून तुतीच्या देठाजवळचा थोडा तुरटपणा, आणि सगळ्यात शेवटी लाकूड. गोडमिट्ट तर अजिबात नाही. मला इतकं बरं वाटलं की अंगातलं दुखणं विसरलो. दादा आला, मला काढलं, घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाला, "आंबट आहे." बस. बारा-पंधरा दिवस ती तशीच राहिली. मग हवेने आपलं काम सुरू केलं.

पुढचं मी रोज बघत होतो आणि काही करू शकत नव्हतो. वास आधी नखाला लावायच्या रंगासारखा उग्र झाला, मग सरळ घशाला लागणारा. दादाला आंबट वाढल्याचं तेवढं कळत होतं, आणि आंबट तर ती असायलाच हवी.

धाकटीने वसंतात विचारलं, तो म्हणाला अजून थांब. उन्हाळ्यात विचारलं, तेच. त्या वेळी तिचा आवाज चढला. "दादा, नसेल झाली चांगली तर नाही म्हण. मला सांगायला तुला लाज वाटतेय का?"

"तसं नाही गं."

"मग कसं आहे? कामगारसुद्धा आता माझ्याशी सांभाळून बोलतात. सात नंबरचं नाव काढलं की विषय बदलतात."

दादा हातातला ग्लास पुसायला लागला. याचा तिने जो अर्थ काढायचा तो काढला. महिन्याभराने एका गुरुवारी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की डोंगरापलीकडच्या मोठ्या ब्रूअरीत तिला नोकरी मिळालीये, सोमवारी जाणार. दादा हातातलं काम तसंच टाकून बाहेर गेला.

शनिवारी दुपारी कामगार जेवायला गेले, तेव्हा धाकटी शेडमध्ये आली. निरोप घ्यायला आली असावी. पिंपावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "जातेच आहे, तर नियम गेला खड्ड्यात." आणि पक्कड शोधायला इकडेतिकडे बघताना तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्याभोवती मेणाचे थर साचले होते, बोटभर जाड. तिने नखाने मेण खरवडलं आणि दोन बोटांनी मला धरलं. पक्कड लागलीच नाही. मी नुसता निघून हातात आलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. धार जमिनीवर पडत होती, तिकडे तिचं ध्यान नव्हतं. मग तिने ग्लास भरून घेतला, नाकाशी नेला आणि झटकन मान मागे घेतली. तरी एक घोट घेतलाच. तोंड कसंनुसं झालं. मला परत भोकात दाबलं आणि तिथेच बसली. रडली नाही. दात आंबलेल्या माणसासारखी नुसती जबडा हलवत बसली.

तेवढ्यात दादा आत आला. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात ग्लास. रोजच्यासारखा. तिला बघून थबकला.

तिने आपला ग्लास त्याच्यापुढे धरला.

त्याच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. सोमवार जवळ आला होता. गुरुवारपासून तो जेवला नव्हता. त्याने ग्लास घेतला, फिरवला, ऐटीत नाकाशी नेला, घोट घेतला आणि डोळे मिटले.

"झाली," दादा म्हणाला. "छान झालीये. तुतीचा वास बघ कसा वर येतोय. उद्याच बाटल्या भरायला घे. आणि कुठे जायचं नाही."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. "परत एकदा घे."

त्याने घेतला. "सांगतोय ना, फक्कड झालीये. बाबा असते तर—"

"दादा, हे व्हिनेगर आहे."

दादाने ग्लास हळूच पिंपावर ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"थंडीपासून. तो ताप आला ना, तेव्हापासून."

"आणि हे मेण? रोज काढत होतास?"

"रोज. वाटायचं, आज वास येईल. आला की पहिलं तुला सांगायचं होतं."

मग ती संतापली. मी तिला इतकी संतापलेली कधी पाहिली नव्हती. "अरे, मला सांगायचंस. मी चाखलं असतं तुझ्यासाठी. मी इथे झुरत होते, की मला हे काम येतच नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात. आणि तू माझं पिंप घोटाघोटाने मारत होतास."

"मला खोटं हो म्हणवलं नाही गं तुला."

"आज म्हणालास ना."

तो घमेल्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठा, जाडजूड माणूस, खांदे हलत होते. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. ओल्या जमिनीवर, चांगल्या कपड्यांत.

मग तिने विचारलं, अगदी हळू, "दादा, मधे कधीतरी ती चांगली होती का रे?"

"माहीत नाही," दादा म्हणाला. "मी तुझी बिअर कधी चाखलीच नाही."

मला माहीत होतं. मी दोघांच्या मधोमध होतो, हातभर अंतरावर, आणि मला सांगता येत नव्हतं.

ती सोमवारी गेली नाही. आठवडाभर थांबली आणि दादाबरोबर एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पिंपं चाखली. ती चाखायची, सांगायची. तो ऐकून म्हणायचा, मग हिला अजून दोन महिने, मग हिला आता काढ. कामगारांनाही त्याने सगळं सांगून टाकलं, आणि त्यानंतर तो पहिल्यांदा पोटभर जेवला म्हणे. मग ती गेलीच. महिन्यातून एकदा येते, चाखून देते, जाते. सात नंबर रिकामं केलं. काकांनी येऊन माझं भोक बघितलं आणि म्हणाले, "हे खिळ्याचं भोक आहे का उंदराचं बीळ?" ती फळी बदलली, मला कठड्यावर टाकलं. नवा खिळा आलाय, चकचकीत आहे. त्याला मी काही सांगत नाही, त्याचं त्याला कळेल.

मागच्या खेपेला दादाने तिला विचारलं, "तिकडे पिंप भरतेस की नाही?" ती म्हणाली, "टाक्यांचं काम बघते. पिंप देत होते, मीच नको म्हटलं. मला जमतं की नाही तेच माहीत नाही, उगाच कुणाचं फळ वाया घालवायचं."

त्या दिवसापासून मला पडल्यापडल्या चैन नाही. मी गंजत नाही, हा माझ्या जातीचा शाप आहे; विसरून जायचीसुद्धा सोय नाही. मला आता कुठे ठोकू नका, वितळवा, काय हवं ते करा. पण तुमचं कधी डोंगरापलीकडे जाणं झालं, आणि तिथल्या ब्रूअरीत चष्मा लावलेली, सगळे धाकटी म्हणतात ती बाई भेटली, तर माझं एवढं काम करा. तिला सांगा, थंडी सरताना, बारा-पंधरा दिवस, ती चांगली होती. फार चांगली होती.